ब्रॅडफर्डच्या लॉकमध्ये काय झालं

शनिवार, १२ जून २००४. डिव्हायझेस, इंग्लंड

बोट ताब्यात मिळाली. लांबी अठ्ठावन्न फूट, रुंदी सात फूट. आमचं पुण्याचं स्वयंपाकघर याहून रुंद आहे. या नळकांड्यात मी, बायको नीना, मुलगा वरद आणि सून देवयानी अशा चार माणसांनी सात दिवस राहायचं आणि त्याला हॉलिडे म्हणायचं.

कल्पना वरदची. म्हणे, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कालव्यांवर काम केलंत, तुम्हाला इथला कनाल दाखवतो." चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला त्याचा मुलगा कालवा दाखवणार. कालवा शेताला पाणी देतो. या कालव्याने दोनशे वर्षांत एक वाफाही भिजवलेला नाही. पूर्वी यातून कोळसा न्यायचे. आता पेन्शनीत निघालेले गोरे लोक तासाला चार मैलांच्या वेगाने बोटी हाकतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'लव्हली डे' म्हणतात. आभाळ भरलेलं असतानासुद्धा.

बोटीच्या कंपनीतल्या बाईंनी तासभर शिकवणी घेतली. सुकाणू कसं धरायचं, लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या हौदात, पाणी कसं भरायचं, कसं सोडायचं. संडासाची टाकी कशी रिकामी करायची हेही. मी त्यांना मध्येच सांगितलं की गेट कशी चालवतात ते मला माहीत आहे. त्यावर त्या हसल्या आणि वरदकडे बघून पुढे शिकवत राहिल्या. नीना देवयानीच्या वहीत शाळकरी मुलीसारखं लिहून घेत होती. बासष्टाव्या वर्षी.

परतीची तिकिटं वरदकडे आहेत. मी आज तिसऱ्यांदा मागितली. म्हणाला, "आईच्या तिकिटाचं जरा बघायचंय, नंतर देतो." काय बघायचंय? दोघांचं २७ तारखेचं विमान आहे. आयटीत काम करतो आणि एक साधं तिकीट वेळेवर दाखवता येत नाही.

रविवार, १३ जून. केन हिलच्या पायथ्याशी

एका दिवसात एकोणतीस लॉक. त्यातली सोळा एका सरळ रेषेत, टेकडीवरून जिन्यासारखी उतरत आलेली. बोट एका हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाज्यांतल्या झडपा हँडलने उघडायच्या. पाणी खाली जातं, बोटही खाली जाते. मग पुढचे दरवाजे उघडून पुढच्या हौदात. कबूल करतो, काम उत्तम आहे. प्रत्येक लॉकच्या बाजूला पाणी साठवायला वेगळं तळं, विटांचं काम सरळ, लाकडी दरवाजे वंगण घातलेले. ते बघून माझं डोकंच फिरलं. आमच्या डाव्या कालव्याची गेट पाच वर्षांत गंजली होती आणि वंगणासाठी मी सर्कल ऑफिसला किती पत्रं लिहिली असतील त्याला गणती नाही.

सुकाणू नीनाने धरलं. मी विरोध केला. घरची स्कूटरसुद्धा कधी चालवली नाही तिने. (तिला शिकायची होती, पण तेव्हा आमचा मुक्काम साइटवर होता आणि तिथे बायका स्कूटर चालवत नसत.) ती एवढंच म्हणाली, "बघते की." आणि चौदा फुटांच्या तोंडातून बोट सरळ आत घेतली, भिंतीला न लागता. सोळाच्या सोळा वेळा. वरदने वरून टाळ्या वाजवल्या. मी तिला सांगितलं की चौथ्या लॉकमध्ये ती जरा डावीकडे होती. तिने मान डोलावली.

आमच्या शेजारी, त्याच लॉकमध्ये, एक बाई एकटीच बोट नेत होती. नाव जीन. सत्तरीची असेल. बोटीवर कुंड्या, सायकल, एक म्हातारा कुत्रा. नऊ वर्षं बोटीवरच राहते म्हणे. नवरा ब्रिस्टलला आहे, जिवंत आहे. या लोकांचं काही कळत नाही.

सोमवार, १४ जून. सीन्ड

पाऊस. थांबलो.

देवयानीने रक्तदाबाचं यंत्र आणलंय. एप्रिलमध्ये तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून नीना आधी आली आणि मी मे अखेरीस आलो. तेव्हापासून नीनाचा दाब लिहून ठेवायची पद्धत यांनी पाडली आहे, ते चांगलं केलं. वही मागून घेतली आणि आकड्यांचा आलेख काढला. पुण्यातून निघताना १६४. एप्रिल अखेरीस १४०. मेच्या तिसऱ्या आठवड्यात १२६, गोळी अर्धी करूनसुद्धा. आणि ३० मेपासून पुन्हा वर: १४४, १५०, १५२. माझा निष्कर्ष असा की वरद राहतो त्या नॉटिंगहॅमची हवा मेपर्यंत मानवते आणि उन्हाळा सुरू झाला की फुलांच्या परागामुळे बिघडते. आलेख देवयानीला दाखवला. तिने बराच वेळ बघितला. म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी आलात?" मी म्हटलं, एकोणतीस तारखेला, त्याचा इथे काय संबंध? ती भांडी घासायला उठली.

मंगळवार, १५ जून. सेमिंग्टन

चहा दुधाळ झाला होता, गार होता, आणि साखर नव्हती. इतकंच मी म्हणालो. या बोटीवर आवाज घुमतो ही माझी चूक नाही, पत्र्याचीच बोट आहे. नीना दुसरा चहा करायला वळली. तेव्हा देवयानी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईंवर ओरडता ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं."

मी म्हटलं, "टाक्यांपाशी दुखत असेल. डॉक्टरला दाखव."

"टाक्यांपाशी नाही दुखत," ती म्हणाली.

वरद म्हणाला, "देवू, लीव्ह इट. आत्ता नको." आत्ता नको म्हणजे कधी हवं? माझ्याच मुलाच्या बोटीवर माझ्याबद्दल वेळापत्रक ठरलेलं दिसतंय.

मी साइटवर चारशे माणसांवर ओरडलोय. ओरडल्याशिवाय काँक्रीट वेळेवर पडत नाही. नीनाला ते पहिल्यापासून माहीत आहे. चाळीस वर्षांत तिने कधी तक्रार केली नाही.

दुपारी जीनची बोट मागून येऊन आमच्या पुढे बांधली गेली. नीना तिच्याकडे गेली ती दीड तास आलीच नाही. नीनाचं इंग्रजी म्हणजे 'येस', 'थँक्यू' आणि मराठी शाळेतले धडे. दीड तास काय बोलत असतील? मी तिला बोलवायला गेलो तर दोघी हसत होत्या. मला बघून नीनाचं हसू थांबलं. जीन मात्र माझ्याकडे बघतच राहिली, शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडे बघावं तशी.

बोटीच्या पुढच्या भागातल्या बाकावर मी एकटा झोपतो, माझ्या घोरण्यामुळे. नीना म्हणते, तिला इतकी गाढ झोप बऱ्याच वर्षांत लागली नव्हती. पाण्याचा परिणाम.

बुधवार, १६ जून. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

आजच्या घटनेबद्दल बोटीवर उलटसुलट बोललं जातंय म्हणून वस्तुस्थिती नोंदवतो.

सकाळी अकरा वाजता ब्रॅडफर्डच्या लॉकमध्ये शिरलो. हे लॉक खोल आहे, साडेबारा फूट. बोटीवर सुकाणूशी नीना. वर काठावर, खालच्या दरवाज्यांपाशी, मी आणि देवयानी, एकेका झडपेवर. वरद मागचे दरवाजे लावून तिथेच उभा. पुलावर बघे दहाबारा, आइस्क्रीम खात.

मी माझी झडप पूर्ण उघडली. देवयानी निम्मी उघडून थांबली. मी तिला पूर्ण उघडायला सांगितलं. ती म्हणाली हळूहळू करायला सांगितलंय. मी पुन्हा सांगितलं. तिने उघडली.

पाणी वेगाने उतरू लागलं. बोटीचं नाक खालच्या दरवाज्याच्या फार जवळ आहे असं मला दिसलं. दरवाज्याच्या फटीतून पाणी उडत होतं, नाक कुठेतरी अडकेल अशी मला भीती वाटली. मी नीनाला ओरडून सांगितलं, मागे घे. ती काहीतरी म्हणाली, आवाजात ऐकू आलं नाही. देवयानी म्हणाली, "आई रेघ म्हणतायत, बाबा, पांढरी रेघ." लॉकच्या भिंतीवर मागच्या बाजूला एक पांढरी रेघ असते. तिच्या मागे पाण्याखाली दगडी उंबरा आहे. पाणी उतरताना बोटीची शेपटी त्याच्यावर आली तर तिथेच टेकते आणि नाक खाली जात राहतं. हे शनिवारी सांगितलं होतं म्हणतात. मी तेव्हा गेटचं लाकूड तपासत होतो.

मी नीनाला म्हटलं, "मला शिकवू नकोस. चौतीस वर्षं गेट चालवलीयत मी. मागे घे म्हणतो तर मागे घे."

तिने वर माझ्याकडे पाहिलं. आणि मागे घेतली.

साधारण अर्ध्या मिनिटात बोटीचा मागचा भाग उंबऱ्यावर टेकला. पुढचा भाग पाण्याबरोबर खाली चालला. बोट तिरपी झाली. आतून सगळी भांडी एका बाजूने धडधडत गेली. नीनाचा पाय घसरला, सुकाणूचा दांडा तिच्या बरगडीत बसला, ती दांड्याला धरून राहिली.

मला काय करायचं ते माहीत होतं. ते नोंदवणं आवश्यक आहे. खालच्या झडपा बंद करायच्या आणि वरून पाणी सोडायचं. चौतीस वर्षांच्या अनुभवाला ते एका सेकंदात कळायला हवं आणि कळलंही. फक्त माझे हात हलले नाहीत. मी हँडल धरून उभा होतो.

नीना ओरडली. तिचा असा आवाज मी यापूर्वी ऐकला नव्हता, वरद झाला तेव्हासुद्धा नाही. "देवयानी, झडप पाड. दोन्ही पाड. वरद, वरून पाणी सोड, हळू." तिघांची नावं घ्यायला हवी होती, तिने दोनच घेतली. देवयानीने आपली झडप पाडली, माझ्याकडे धावत आली, माझ्या हातातून हँडल ओढून घेतलं आणि माझी झडप पाडली. वरदने वरच्या झडपा थोड्याथोड्या उघडल्या. पाणी चढलं. बोट उंबऱ्यावरून सुटली आणि सरळ झाली.

पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख लोक.

बोटीला विशेष इजा नाही. नीनाच्या उजव्या बरगडीवर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग आहे. वरद तिला इथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. हाड मोडलेलं नाही. मी सोबत येतो म्हटलं, वरद म्हणाला, "नको बाबा. प्लीज."

निष्कर्ष: १) झडपा एकदम उघडल्या गेल्या. २) नाकापाशी एक माणूस हवा होता. ३) बोट मागे घेतली गेली.

गुरुवार, १७ जून. डंडास

ब्रॅडफर्डच्या पुढे नऊ मैल एकही लॉक नाही. म्हणजे मला काही कामच नाही. नीना उशी बरगडीला लावून सुकाणूशी बसते, देवयानी तिच्या शेजारी. दोन्ही काठांना झाडी, मधूनच खाली दरीत नदी आणि तिच्याच बाजूने रेल्वे. दुपारी कालवा चक्क नदीच्या वरून गेला, दगडी कमानींवरून. मी देशात सहा जलसेतू बांधले. इतका देखणा एकही नाही. हे कोणाला सांगावं म्हणून मागे गेलो तर दोघी बोलायच्या थांबल्या. मी परत पुढे येऊन बसलो.

कालची तिसरी नोंद पुन्हा वाचली. 'बोट मागे घेतली गेली.' ही भाषा मी चांगली ओळखतो. कालवा फुटायचा तेव्हा खालचे लोक मला असाच अहवाल पाठवायचे. फुटला गेला, झाला गेला. मी तो फेकून द्यायचो आणि विचारायचो, कोणी? नाव लिहा.

नाव लिहितो. मी सांगितलं म्हणून तिने बोट मागे घेतली. तिला माहीत होतं काय होणार ते. वहीत लिहून घेतलं होतं तिने.

माहीत होतं तर घेतली का? याचाच मला राग येतोय. नाही म्हणायचं होतं. मी काय वर काठावरून उडी मारून तिला मारणार होतो?

शुक्रवार, १८ जून. बाथ

शहर दगडाचं, मधाच्या रंगाचं. ते कोणाला बघायचंय?

अकरा वाजता नीना म्हणाली, "अहो, जरा बाहेर बसू या." वरद आणि देवयानी लगेच खरेदीला निघाले, जणू दारातच उभे होते. कालव्याच्या काठावर बाक आहे, तिथे बसलो.

ती म्हणाली, "मी सत्तावीसला तुमच्याबरोबर येत नाहीये. तिकीट पुढचं घेतलंय. ऑक्टोबरपर्यंत व्हिसा आहे तोवर राहीन."

मी म्हटलं, "देवयानीची तब्येत आता बरी आहे."

"देवयानीसाठी नाही."

"मग काय? नातवंडाची बातमी आहे का? मला कोणी सांगत नाही काही."

"नाही हो. माझ्यासाठी." मग तिने जे सांगितलं ते तसंच लिहितो. "मला काही महिने अशा घरात राहायचंय जिथे कोणी ओरडत नाही. एप्रिल-मेमध्ये राहिले. मला माहीतच नव्हतं तसं असतं ते."

मी विचारलं, ऑक्टोबरनंतर काय. ती म्हणाली, "नागपूरला रेखाकडे जाईन बहुतेक. मग बघू." रेखा तिची धाकटी बहीण. म्हणजे सगळं ठरलेलं. मुलगा, सून, मेव्हणी. ही बोट, हा कालवा, सगळी सहल मला हे सांगण्यासाठी काढलेली, आणि मी आठवडाभर यांच्या झडपा उघडतोय.

मग मी ओरडलो. काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षं कोणी सांभाळलं, साइटच्या कॉलनीत तुला काय कमी पडलं, तोंड असून बोलली का नाहीस.

ती थांबली, माझं संपेपर्यंत. मग म्हणाली, "बुधवारी बोलले ना. मी रेघ म्हणाले होते."

मी म्हटलं, "मग ऐकायचं नव्हतंस माझं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "मला दिसत होतं बोट टेकणार ते. तरी हात आपोआप गेला. तुम्ही ओरडलात की हात जातो. रात्रभर विचार केला, उद्या हे विहिरीत उडी मार म्हणाले तर काय करीन मी? मला तुमची भीती नाही वाटली. माझीच वाटली."

समोरच्या बोटीवरचा माणूस कुंड्यांना पाणी घालायचं सोडून आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नाही. तरी त्याला सगळं समजलं होतं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी उठलो आणि चालत सुटलो.

शनिवार, १९ जून. बाथ

बोट कंपनीच्या इथल्या धक्क्यावर परत केली.

काल नदीवरच्या बंधाऱ्यापाशी तीन तास बसलो होतो. पुलाखाली तीन पायऱ्यांचा बंधारा आहे, घोड्याच्या नालेसारखा. पाणी एका आवाजात पडत राहतं. मला एकच गोष्ट पुनःपुन्हा आठवत होती आणि त्याचा संताप येत होता. वरद चार वर्षांचा असताना साइटवर मी जीपमधून उतरलो की तो खाटेखाली जायचा. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, साहेब आले की हा लपाछपी खेळतो. नीना सांगायची नाही. मी सांगायचो.

परत निघालो तेव्हा वरद मला शोधत पुलावर आला होता. छत्तीस वर्षांचा माणूस. म्हणाला, "बाबा, आर यू ओके?" मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून कट केलात." तो म्हणाला, "हो. आम्हाला कोणालाच एकट्याने सांगायची हिंमत नव्हती."

रविवार, २७ जून. हीथ्रो

सगळे सोडायला आले. नीनाने डब्यात गुळपोळ्या दिल्या आणि गोळ्यांची चिठ्ठी. पायांना हात न लावता लांबूनच नमस्कार केला. अजून राग आहे. माझा हक्क आहे तेवढा.

रविवार, ११ जुलै. पुणे

नळाला पाणी आलं नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीवर ओरडलो. डबेवालीवर मीठ जास्त म्हणून ओरडलो, ती उद्यापासून येणार नाही. दुपारी चष्मा सापडेना. "चष्मा कुठे ठेवलास" असं मोठ्याने ओरडलो. आवाज जाऊन भिंतीला लागला आणि परत आला. ऐकायला चांगला नव्हता.

रविवार, १ ऑगस्ट. पुणे

दर रविवारी साडेपाचला वरदचा फोन येतो. चार मिनिटं तो बोलतो आणि ठेवतो. नीना येत नाही, मीही दे म्हणत नाही. आज तो म्हणाला, "बाबा, आईला देऊ?" मी म्हटलं, दे.

काय बोलायचं ते मी आठवड्यापासून कागदावर लिहून ठेवलं होतं. रेखाचा पत्ता, बँकेतली सही, ऑक्टोबरच्या तिकिटाचं काय, आणि शेवटी दोन कडक वाक्यं. ती "हॅलो" म्हणाली. मागे कुठेतरी देवयानी हसत होती. मी कागद बाजूला ठेवला.

विचारलं, "बरगडी कशी आहे?"

"गेलं दुखणं. डागही गेला."

"दाब?"

"एकशे चोवीस." मग तिने विचारलं, "तुमचा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"हळू. बरं नाहीये का? ताप आहे का? शेजारच्या अतुल भावजींना फोन करू का मी?"

ती खरोखर घाबरली होती. वरदला हाक मारायला लागली. मी म्हटलं, "अगं, काही झालेलं नाही. बरा आहे मी. नुसतं बोलतोय."

तिने फोन ठेवला नाही. मीही धरून होतो. अर्ध्या मिनिटाने मला लाइन तुटली असं वाटलं आणि मी तिचं नाव घेतलं. ती म्हणाली, "हं. ऐकतेय."